भेंडखिंडीचा वाकडा कर्णा

भेंडखिंडीच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे. तिथल्या तुळईला तांब्याचा एक कर्णा टांगलाय. कर्णा म्हटला की सरळसोट असायचा. हा मात्र हत्तीच्या सोंडेसारखा आधी वर उचललेला आणि मग खाली वळलेला. पाहुण्यांनी विचारलं, की देवळाचे गुरव त्याची हकिकत सांगतात.

फार मागे इथं भिवरा नावाची तांबटीण राहायची. तिचा नवरा केरबा भांडी विकायला घाट उतरताना धुक्यात वाट चुकला आणि दरीत गेला. भिवरानं देवीपुढं शब्द दिला म्हणे, "आई, या खिंडीत आता दुसरीचं कपाळ पांढरं होऊ देणार नाही."

तिनं केरबाची हातोडी उचलली. घरातले हंडे मोडून पत्रा ठोकला आणि पुरुषभर लांबीचा कर्णा घडवला. धुकं दाटलं की माथ्यावरच्या खडकाआड उभी राहून ती तो फुंकायची. पण झालं भलतंच. आवाज समोरच्या कड्यावर आदळून परत यायचा आणि वाटसरू त्या कड्याकडंच वळायचे. एक बैलवाला तर दरीच्या काठावरून कसाबसा वाचला.

गाव खवळलं. पाटील म्हणाले, "विधवेची फुंक, दुसरं काय होणार? फेका तो कर्णा दरीत!"

"पाटीलबाबा, फुंकेत खोट नाही. कर्ण्याचं तोंड चुकलंय. ते मी वळवते."

"तांब्याची नळी वाकवलीस तर चेपेल."

"चेपली तर मीच फेकीन."

तिनं नळीत वितळलेली राळ ओतली. राळ थिजल्यावर लाकडाच्या ओंडक्यावर नळी दमादमानं वाकवली, मग शेकून राळ काढून टाकली. कुठं सुरकुतीसुद्धा नाही! आता कर्ण्याचं तोंड खडकावरून वळून थेट खालच्या वाटेकडं झालं.

श्रावणातल्या एका दुपारी हाताला हात दिसेना असं धुकं उतरलं. पाटलांचा थोरला लेक बाजाराहून परतत होता. पाटील धापा टाकत माथ्यावर आले. त्यांनी खालच्या वाटेकडं बोट केलं. भिवरानं काही न विचारता कर्णा ओठांना लावला. ओठ फुटून रक्त आलं, तरी ती थांबली नाही, असं सांगतात. अखेर खालून घुंगरं वाजली. धुक्यातून बैल वर आले, आणि त्यांच्या शेपट्या धरून पाटलांचा लेक आणि चार वाटसरू.

पाटलांनी पागोटं उतरवून तिच्या पायाशी ठेवलं. "भिवराबाई, देवीपुढं पहिली फुंक यापुढं तुमची."

आजही वाघजाईच्या जत्रेत पाटलांच्या घरची सून गावातल्या एका विधवेची खणानारळानं ओटी भरते. मग ती बाई कर्णा फुंकते, आणि तेव्हाच पालखी जागची हलते.