चेअरमनसाहेबांची ओळख

निफाडकडच्या थंडीत चेअरमन रंगनाथरावांची डिझेल गाडी रोज सकाळी रुसायची. चावी ते स्वतःच फिरवायचे. ड्रायव्हर नामदेव म्हणायचा, "साहेब, चावी अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आधी विझू द्या. तोवर इंजिन आतून तापतं."

"हा रंगनाथराव कशासाठीही थांबत नाही!" साहेब म्हणायचे, आणि खर्रर्र करून गाडी गप्प.

एके सकाळी ते कडाडले, "नाम्या, तूच गाडी बिघडवलीस. उद्यापासून कामावर येऊ नकोस. मी दिलेली खोलीही रिकामी कर!"

नामदेवची बायको यमुना तान्ह्या पोरीला घेऊन धावत आली. या गारठ्यात लेकराला न्यायचं कुठं, या काळजीनं तिचा जीव टांगणीला लागला होता. ती म्हणाली, "साहेब, आत कोण बसलंय तेच गाडीला कळत नसेल. चावी अर्धी फिरवा, तिला तुमची ओळख सांगा, मग पुढं फिरवा."

साहेबांना हे एकदम पटलं. चावी अर्धी फिरवून त्यांनी छाती फुगवली. "मी हायस्कूलचा विश्वस्त, भजनी मंडळाचा आश्रयदाता, कुस्ती समितीचा अध्यक्ष..." यादी संपवून त्यांनी चावी पुढं फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू!

"बघितलंस? घाबरली मला! पण काय गं, गाडीला कान असतात?"

"नसतात, साहेब. पण दिवा विझेपर्यंत तुम्हाला थांबवायचं होतं, आणि तुम्ही थांबता ते फक्त स्वतःचं कौतुक करताना."

गाडी बंद करून साहेब खाली उतरले. त्यांनी चावी नामदेवच्या हातात ठेवली.

"उद्यापासून तूच चालू कर. पण मी कोण ते तिला सांगायला विसरू नकोस!"