भाऊ आला न्यायला

पूर गावात शिरला आणि आम्ही बाया पोरंबाळं घेऊन देवळाच्या ओट्यावर भिजत बसलो. टेकडीवर आमदार रंगनाथरावांचं मंगल कार्यालय कोरडं ठणठणीत होतं, पण त्याला कुलूप. गालिचे खराब होतील म्हणे!

आमदार आले ते फोटोवाले सोबत घेऊन, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून भाषणच ठोकायला लागले. "माझ्या बहिणींनो, रडू नका! तुमचा सख्खा भाऊ अजून जिवंत आहे!"

तानूआक्का पदर खोचून उठली. "सख्खा ना रे?"

"आईशपथ, आक्का!"

"मग भाऊ दारात आला की बहिणीला माहेरी नेल्याशिवाय जातो होय? उठा गं, बोचकी उचला! मुराळी आलाय न्यायला!"

बाया खिदळत ट्रॉलीत चढल्या. कुणी शेळी चढवली, कुणी आमदारांच्या हातात तान्हं पोर दिलं. "धरा मामा!" फोटोवाले तर चेकाळलेच.

आमदारांना घाम फुटला. "अहो, माझ्या घरात एवढी जागा कुठाय?"

"घर कशाला? कार्यालय आहे की. गालिचे आम्ही गुंडाळू, माहेरी एवढं काम करतोच आम्ही."

फोटोवाल्यांसमोर नाही कसं म्हणणार? आमदारांनी मुकाट्यानं किल्ली काढून दिली.

आक्का ट्रॉलीत ऐसपैस बसली. "आणि वहिनीला फोन लाव. म्हणावं, नणंदा निघाल्यात, चहा टाक!"