सातभाई आजोबा आणि परवाना

पूर्वी बाभळीच्या बनात दुसऱ्याची पिल्लं सांभाळणाऱ्या पाखराला परवाना लागे आणि रोज चोचभर दाणे मिळत. एक म्हातारा सातभाई लेकीची तीन पिल्लं सांभाळत होता. तिथे तपासनीस कावळा आला.

"आजोबा, परवाना दाखवा, नाहीतर पिल्लं उचलून नेतो."

"आणि माझे दाणे?"

"ते परक्यांना मिळतात. तुम्ही तर घरचे!"

"दाणे देताना मी घरचा, आणि परवाना मागताना परका? आधी काय ते एक ठरव, मग या फांदीवर पाय ठेव."

कावळा घरट्याकडे सरकला. म्हाताऱ्याने पंख पसरून हाळी दिली. सगळे सातभाई कलकलाट करत धावून आले. कावळा उडाला.

म्हातारा मागून ओरडला, "दाणे तुझे तुलाच राहू देत. नातवंडं मात्र इथेच राहतील!"