ससा, घार आणि हेलिकॉप्टर

डोंगरउतारावरच्या एका जंगलात करवंदीची दाट जाळी होती आणि त्या जाळीत एक तरुण ससा आपल्या ताईबरोबर आणि तिच्या पिल्लांबरोबर राहत असे. उन्हाळ्यात आजूबाजूचे गवत वाळून जाई. हिरवे गवत उरे ते फक्त तळ्याकाठी. पाणी ओसरले की ओल्या गाळात ते कोवळे, लुसलुशीत उगवे. पण जाळीपासून तळ्यापर्यंत सगळे उघडे मैदान होते आणि मैदानापलीकडच्या वठलेल्या सागावर एक घार बसून असे. घार धूर्त होती. मोठ्या सशांच्या वाटेला ती जात नसे. पिल्लू दिसले की झडप घाली. म्हणून पिल्ले जाळीतच राहत आणि वाळकी पाने चघळत. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

त्याच जंगलातल्या एका वानराजवळ रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर होते. सहलीला आलेल्या माणसांनी ते झाडाच्या शेंड्यात अडकवले आणि रिमोट, पिशवी सगळे तिथेच टाकून ते निघून गेले. ती माणसे ते कसे उडवतात हे वानराने फांदीवर बसून नीट पाहून ठेवले होते. बॅटरी तो वनरक्षकांच्या मचाणावरच्या सौरपट्टीवर भरून आणी. एकदा गंमत म्हणून त्याने ते मैदानावर उडवले. त्या घरघरीने घार अशी दचकली की सागावरून उठली ती संध्याकाळपर्यंत परतली नाही. सशाने हे पाहिले आणि तो थेट वानराकडे गेला.

"वानरदादा, मला हे शिकव."

"तुला? पायाखाली जमीन नसली की तुला चक्कर येते."

"उडायचे त्याला आहे, मला नाही. माझे पाय जमिनीवरच राहतील."

वानर हसला. "बरं. टेंभरे पिकली की आमची टोळी पलीकडच्या खोऱ्यात जाते. तोवर शिकलास तर हेलिकॉप्टर तुझे."

वानराने बांबूच्या दोन बारीक काटक्या फुलीसारख्या बांधल्या, त्यांच्या टोकांना सावरीच्या कापसाचे गोळे लावले आणि ती फुली हेलिकॉप्टरच्या पोटाखाली बसवली. ती असली की हेलिकॉप्टर उतरताना कलंडत नसे.

"हे कशाला?" ससा म्हणाला. "पांगुळगाडा वाटतो."

"पांगुळगाडाच आहे. आणि तू रांगतो आहेस."

मुलांनो, हेलिकॉप्टर उडवणे हे पतंग उडवण्यासारखे नसते. रिमोटवर दोन काड्या असतात. एका काडीने ते वर उठते आणि जागच्या जागी वळते, दुसरीने पुढे-मागे किंवा उजवी-डावीकडे कलते, आणि जिकडे कलते तिकडे सरकते. दोन्ही काड्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. आपला ससा घाईचा. जरा कलले की तो काडी पार टोकाला ढकली, मग घाबरून दुसऱ्या टोकाला. हेलिकॉप्टर गवतावर टुणटुण आपटे.

"बेडूक बरा," वानर म्हणे. "उडी मारताना कुठे जायचे ते तरी त्याला माहीत असते."

पण ससा चिकाटीचा होता. रोज सकाळी वारा पडलेला असताना तो येई. हळूहळू हेलिकॉप्टर त्याच्यापुढे, शेपटी त्याच्याकडे करून, हवेत एका जागी थांबू लागले. काडी उजवीकडे नेली की ते उजवीकडे जाई, डावीकडे नेली की डावीकडे.

"ते माझे ऐकते," ससा म्हणाला.

"मग आता वळव त्याला. तोंड तुझ्याकडे कर."

सशाने वळवले आणि काडी उजवीकडे नेली. हेलिकॉप्टर डावीकडे निघाले. त्याने घाईघाईने पुन्हा शेपटी आपल्याकडे करून घेतली.

"हे मला नको. घारीला हाकलायचे म्हणजे ते माझ्यापासून लांबच जाणार."

"आणि परत कसे येणार? मागे मागे, लाजऱ्या नवरीसारखे?"

"तसेच आणीन."

"मग घारीलाही सांगून ठेव," वानर म्हणाला. "म्हणजे ती समोरूनच येईल."

दुसऱ्याच दिवशी ससा ताईला म्हणाला, "पिल्लांना तळ्यावर ने. घारीचे मी बघतो." ताईसमोर शोभत नाही म्हणून त्याने पांगुळगाडा काढून ठेवला होता. पिल्ले तळ्याकाठी पोचली आणि गवतात तोंडे खुपसून खाऊ लागली. तळ्याकडे पाठ करून सशाने हेलिकॉप्टर सागाकडे सोडले. घार उठली. पण या वेळी ती पळाली नाही. लांबून वळसा घेऊन ती सशाच्या पाठीमागून, तळ्याच्या बाजूने आली. आता हेलिकॉप्टर परत आणायला हवे होते. सशाने ते वळवले. त्याचे तोंड सशाकडे झाले, तोच वाऱ्याने ते डावीकडे कलले. सशाने काडी उजवीकडे ढकलली. ते आणखी डावीकडे गेले. त्याने आणखी ढकलली. हेलिकॉप्टर सुसाट आडवे होऊन जमिनीवर आदळले आणि त्याचे पाते मोडले.

ताईने पिल्लांवर अंग टाकले म्हणून पिल्ले वाचली. घारीच्या नख्यांनी ताईचा कान फाटला. सगळी कशीबशी जाळीत परतली, आणि त्या दिवसापासून पिल्ले जाळीच्या तोंडाशीसुद्धा येईनात.

ससा मोडके हेलिकॉप्टर घेऊन वानराकडे गेला. "मी बरोबर करत होतो," तो म्हणाला. "ते डावीकडे जात होते, म्हणून मी उजवीकडे ढकलले."

"कोणाच्या उजवीकडे?"

सशाने आपला उजवा हात पुढे केला.

"तुझ्या," वानर म्हणाला. "ते तुझ्याकडे तोंड करून होते. तुझी उजवी ती त्याची डावी, आणि त्याची उजवी ती तुझी डावी. ते ज्या बाजूला पडत होते, त्याच बाजूला तू त्याला लोटलेस."

"मग दर वेळी मनात उलटे करायचे? तेवढा वेळ कुठे असतो?"

"काही उलटे करू नकोस. आपली उजवी-डावी सोड आणि त्याच्याकडे बघ. एखादा मांडव कलला तर टेकू कुठे देशील?"

"जी बाजू खाली गेली तिला."

"तसेच. जी बाजू झुकेल, काडी तिकडे ने. तिच्याखाली टेकू लावतो आहेस असे समज."

माणसांच्या पिशवीत एक जादा पाते होते, ते वानराने बसवले. पांगुळगाडा मात्र सशाने आपल्या हाताने बांधला. आता तो हेलिकॉप्टर रोज समोरासमोर घेऊन बसे. सुरुवातीला हात चुकीकडेच धावे. मग तो स्वतःशी पुटपुटू लागला, "कोणती बाजू झुकली? तिकडे टेकू." होता होता पुटपुटणे थांबले आणि डोळ्यांनी पाहिले की हात आपोआप तिकडे जाऊ लागला. वानराच्या टोळीने मुक्काम हलवला, तेव्हा हेलिकॉप्टर सशाकडे राहिले.

"ताई, आज तळ्यावर जाऊ," एके सकाळी ससा म्हणाला.

"मागच्या वेळीही तू असेच म्हणाला होतास," ताई म्हणाली. तिच्या फाटक्या कानावर खपली धरली होती.

"हो. म्हणून आज तुम्ही जाळीत थांबा. आधी मी एकटा जातो. घार गेली असे तुला दिसले, तरच ये."

ससा मैदानाच्या मधोमध उभा राहिला. त्याने हेलिकॉप्टर सागावर नेले. घार उठली, वळसा घेऊन पाठीमागून आली आणि मैदानात एकही पिल्लू नाही असे पाहून चिडून या वेळी थेट सशावरच झेपावली. सशाने हेलिकॉप्टर वळवले. वाऱ्याने ते डावीकडे झुकले. सशाने काडी डावीकडे नेली. ते सरळ झाले. उजवीकडे झुकले, काडी उजवीकडे. पुन्हा सरळ. घरघरत ते सशाच्या डोक्यावरून गेले आणि घारीच्या तोंडासमोर उभे राहिले. घारीने पंख फडफडवून कसाबसा मोहरा फिरवला. हेलिकॉप्टर तिच्यामागे डोंगराच्या सोंडेपर्यंत गेले. तिथून सशाने ते परत आणले, त्याचे तोंड आपल्याकडे ठेवून, सावकाश, आणि त्याने ते आपल्या पायांशी उतरवले.

ताईने बराच वेळ आकाश न्याहाळले. मग ती पिल्लांना घेऊन निघाली. जाताना सशाजवळ थांबून ती एवढेच म्हणाली, "आता त्याला जरा विसावू दे, आणि तूही चल." तळ्याकाठी ससा खायला बसला नाही, तो आकाश बघत राहिला. आणि त्याच्याभोवती पिल्ले, मान एकदाही वर न करता, पोटभर गवत खात राहिली.

तात्पर्य : ज्याला सावरायचे आहे, त्याच्यावर आपली उजवी-डावी लादू नये, तो कोणत्या बाजूला झुकतो आहे ते पाहावे आणि तिथेच टेकू द्यावा.