न्येलेनं वाटलेलं आडनाव

दूर पश्चिमेला, समुद्रापल्याड, जिथे हिरवं रान विरळ होत जातं आणि वाळू सुरू होते, तिथे तिंगेरे नावाचं गाव होतं. ते शोधायला जाऊ नये, त्याची गोष्ट ऐकायला बसावं. फार वर्षांपूर्वी त्या गावात न्येले नावाची बाई राहायची. विहिरी खणणाऱ्यांची लेक. आडनाव दुंबारा.

त्या मुलखात आडनाव म्हणजे नावामागचं नुसतं शेपूट नव्हे. दोन माणसं वाटेत भेटली की आधी आडनाव विचारतात, मग तेच तीनदा घेऊन नमस्कार करतात. दुंबारा, दुंबारा, दुंबारा. एवढ्यात बापाची, आजाची, पणजाची सगळ्यांची विचारपूस होते. आणि आपल्याकडे घराण्याचं देवक असतं ना, तसं तिकडे प्रत्येक आडनावाला एक व्रत असतं. कुणी मासा खात नाही, कुणी सिंहावर शस्त्र धरत नाही. दुंबारांचं व्रत घोरपडीचं.

असं म्हणतात, दुंबारांचा मूळपुरुष तहानेनं मरायला टेकला होता. समोर घोरपड माती उकरताना दिसली. पोटात भूक होतीच. त्यानं काठी उगारली, तेवढ्यात तिच्या नखांना चिकटलेला ओला चिखल दिसला. काठी खाली आली ती तिच्या पाठीवर नाही, जमिनीवर. तिनं उकरलं तिथेच त्यानं खणलं आणि पाणी लागलं. तेव्हापासून कुठलाही दुंबारा घोरपडीवर हात उचलत नाही.

त्या घराण्यात मोठी मोठी माणसं झाली. एकानं राजासाठी कातळ फोडून विहीर खणली. राजा म्हणाला, हे पाणी फक्त माझ्या वाड्याचं. तर हा विहिरीत उतरून बसला तो वरच येईना. दोर कापतो म्हटलं तर म्हणे, कापा, माझं मढं याच पाण्यात राहील. चौथ्या दिवशी राजानं दवंडी पिटवली की पाणी सगळ्यांचं. पुढे एक आंधळी लेक झाली. ती अनवाणी चालायची आणि तळपायांनी पाणी ऐकायची. ती थांबेल तिथे विहीर, असं म्हणतात.

न्येलेच्या वेळी मात्र देवीच्या साथीत तिचे चारही भाऊ गेले. घराण्यात बापामागे एकटी तीच उरली. तिकडे लग्न झालं तरी बाईचं माहेरचं आडनाव पुसत नाहीत, पण तिच्या मुलांना बापाचंच लागतं. न्येलेला तीन मुलगे होते आणि तिघंही नवऱ्याच्या आडनावाचे. बाप मरताना म्हणाला, "विहिरी राहतील, पोरी. पण दुंबारा म्हणून हाक मारली तर ओ द्यायला तुझ्यामागे कुणी नाही."

ते शब्द तिच्या काळजात रुतले. तिनं नवस केला. रोज पहाटेचा पहिला पोहरा वाटसरूसाठी काढून ठेवीन, त्याआधी ओठ ओले करणार नाही. देवा, माझ्या बापाचं नाव राख. एक वर्ष झालं, पाच झाली, अकरा झाली. शेजारणी हसायच्या. "न्येले, व्रत तर नेमानं करतेस. फळ कुठंय?"

ती म्हणायची, "फळाची घाई माकडाला असते गं, झाडाला नसते."

आता आणखी एक रीत सांगायला हवी. त्या मुलखात काही आडनावांचं आपसात थट्टेचं नातं असतं. दुंबारा आणि केलेमा यांचं तसं होतं. भेटले की एकमेकांना चवळीखाऊ, म्हणजे चवळी हादडून पोट फुगवणारे, म्हणायचं, खोटारडे म्हणायचं, आजापणजांचा उद्धार करायचा. राग आला तरी रागवायचं नाही. आणि एकानं दुसऱ्याचं रक्त सांडायचं नाही. सांडलं तर हात वाळतो, असं म्हणतात.

त्या वर्षी दुष्काळाचं तिसरं साल होतं. भर दुपारी चाळीस माणसं गावाच्या विहिरीवर आली. पाय भेगाळलेले, केसांत राख. पुढे तेने नावाची म्हातारी होती. तिनं सांगितलं, "राजानं पोरं मागितली, सैन्याला. आम्ही दिली नाहीत. त्यानं गाव जाळलं. आता आमच्या आडनावाचं माणूस दिसलं की दोर लावून समुद्राकडे विकायला नेतात."

न्येलेनं पोहऱ्यांमागून पोहरे ओढले. सगळे पीत असतानाच लांबवर घोड्यांची धूळ दिसली.

गावचा मुखिया धावत आला. "पाणी पाजलंस, पुण्य झालं. आता यांना वाटेला लाव. नाहीतर आपलंही गाव जळेल."

"वाटेला लावू म्हणजे दोराला लावू," न्येले म्हणाली. "ते आडनाव विचारतील ना? यांना मी माझं देते."

"आडनाव बापाकडून येतं. बायका वाटत नसतात ते."

"पाणीसुद्धा धरणीचंच असतं, मुखिया. पण ओढून वाटायचं काम कुणाचं?"

मुखियाची बायको मागून म्हणाली, "खरंच बोलतेय की ती."

न्येलेनं चाळीसही जणांना विहिरीच्या काठाशी वाकायला सांगितलं. प्रत्येकानं आपलं जुनं आडनाव आत, पाण्याला सांगितलं. कुणी हळू सांगितलं, कुणाला हुंदका आवरला नाही, तान्ह्या मुलीचं तिच्या आईनं सांगितलं. ते आडनाव काय होतं ते आज कुणालाच ठाऊक नाही, विहिरीनं ते परत दिलं नाही. मग न्येलेनं एकेकाच्या डोक्यावर ओंजळभर पाणी घालून म्हटलं, दुंबारा. शेवटी त्या तान्ह्या मुलीच्या टाळूवर दोन थेंब सोडले, तोवर घोडे वेशीत शिरले होते.

राजाच्या घोडेस्वारांच्या नायकानं रीतीप्रमाणे आधी आपलं नाव सांगितलं. "फामोरी केलेमा. तुमचं आडनाव?"

"दुंबारा," तेने म्हणाली. दुसरा म्हणाला, दुंबारा. तिसरा म्हणाला, दुंबारा. चाळीस वेळा, तान्हीसाठी तिच्या आईनं.

फामोरीनं भुवई उचलली. "दुंबारा संपत आले असं ऐकलं होतं. दुष्काळात यांचंच बरं पीक आलं."

त्याच्या खोगिराला एक जिवंत घोरपड बांधलेली होती, संध्याकाळच्या जेवणाची. त्यानं ती सोडून लोकांच्या पुढ्यात टाकली. तिचे पाय अजून बांधलेले होते. "तीन दिवसांचे उपाशी दिसता. घ्या, मारा, भाजा. आणि कुणी मध्ये बोलून कुणाला शिकवायचं नाही."

न्येलेला आपली चूक दिसली. घाईघाईत तिनं आडनाव दिलं होतं, व्रत सांगायचं राहून गेलं होतं. पानात वाढलं आणि मीठच घातलं नाही, अशी गत. या लोकांकडे घोरपड आवडीनं खात. भुकेनं डोळे खोल गेलेला एक तरुण पुढे झाला, त्यानं दगड उचलला. सांगावं तर नायकाला कळेल. न सांगावं तर दगड खाली येईल, आणि चाळीस जण दोराला. तिनं मनात देवाला हाक घातली. आणि तिच्या ध्यानात आलं, हा तर केलेमा आहे.

न्येले कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसली.

"काय रे चवळीखाऊ, आईनं रांधलेली चवळी संपली, म्हणून आमच्या पणजीला भाजायला आणलीस होय? मूळपुरुषाला जिनं पाणी दाखवलं तिच्यावर दुंबारा हात उचलेल, असं तुला तुझ्या फुगलेल्या पोटानं सांगितलं का? त्या पोटाचं ऐकू नकोस. त्यातली चवळी बोलतेय."

तरुणाची मूठ सैल झाली, दगड पायाशी पडला. नायकाची नजर त्या दगडाकडे गेली.

"हा कशाला उचलला होता मग?"

तेने म्हातारी कमरेत वाकलेली, पण बुद्धीनं ताठ. ती म्हणाली, "तुझ्यासाठीच, लेकरा. केलेमांना म्हातारपणी चवळी चाववत नाही म्हणतात. ठेचून द्यावी, म्हटलं."

आधी एक घोडेस्वार फसकन हसला. मग दुसरा. फामोरीच्या मिशा हलल्या आणि तोही हसू लागला, इतका की त्याला खोगिराचा आधार घ्यावा लागला. हसून झाल्यावर त्यानं न्येलेकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं आहे, हे तिला त्या एका नजरेत कळलं.

"दुंबारा खोटारडे, असं माझा आजा सांगायचा," तो म्हणाला. "आज पटलं. पण खोटारड्यांपायी मी माझा हात वाळवून घेणार नाही. राजाला सांगेन, त्या आडनावाचं एकही माणूस तिंगेरेत नाही. तेवढं तरी खरंच आहे."

तो पाणी प्यायला, घोड्यांना पाजलं, जाताना आणखी दोन शिव्या दिल्या आणि दोन घेतल्या.

न्येलेनं घोरपडीचे पाय सोडले. असं म्हणतात, ती पळाली नाही. चाळीसही जणांच्या पायांना जीभ लावत, एकेकाला ओळखून घेत, सावकाश विहिरीपाशी गेली आणि आत उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीचं पाणी चाळीस हात वर आलं होतं, असंही म्हणतात.

ती माणसं तिंगेरेतच राहिली. त्यांची लग्नं झाली, लेकरं झाली. न्येले पार म्हातारी होऊन अंगणात बसायची, तेव्हा दिवसभर गल्लीतून तीच हाक कानी यायची. दुंबारा, दुंबारा, दुंबारा. कुठल्या तरी पोराला आई बोलवायची, आणि न्येले आपणहून ओ द्यायची. पोरं हसायची, तिला चालायचं. पुढे ती तान्ही मुलगी मोडलेली हाडं बसवणारी म्हणून सात गावांत नावाजली. एका दुंबारानं नदीवर दगडी पूल बांधला. एक शहरात शिक्षक झाला. तो हजेरी घेताना प्रत्येक मुलाचं आडनाव तीनदा घेई, म्हणून त्याच्या वर्गाला नेहमी उशीर व्हायचा.

अजूनही बाजरीची कापणी झाली की तिंगेरेत सगळ्यात वयस्क दुंबारा बाई वेशीवर उभी राहते आणि विचारते, "कुणाला आडनाव नाही?" कुणी पोरकं येतं, कुणी घरातून काढलेली सून, कुणी परमुलखातून चालत आलेला. शेजारी एखादा केलेमा मुद्दाम उभा असतो. तो कुरकुरतो, "झालं, आणखी एक चवळीखाऊ वाढला." म्हातारी आधी त्या माणसाला व्रत सांगते आणि त्याच्याकडून म्हणवून घेते. मगच त्याला आडनाव देते. हा क्रम कुणी चुकवत नाही.

आणि एखाद्या वर्षी कुणीच आलं नाही, तरी ती लगेच घरी जात नाही. सावल्या लांब होईपर्यंत तिथेच थांबते. कुणीतरी अजून वाटेत असेल.