दम कुणात, दम कुणाला

डॉ. विश्वंभर रायरीकरांच्या नावावर तीनशे शोधनिबंध होते, आणि समोरच्याचा चहा येण्याआधीच ते हे सांगून टाकत. मेडिकल कॉलेजात प्राध्यापक निवडणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष. मुलाखतीच्या दिवशी नेमकी लिफ्ट बंद पडली. तीन जिने चढून साहेब आले ते धापा टाकतच खुर्चीत कोसळले.

समोर यमुना सोवनी बसल्या होत्या. विषय शरीरक्रियाशास्त्र, उभी हयात श्वासोच्छ्वासाच्या अभ्यासात गेलेली. निबंध जेमतेम अकरा, पण त्यांचा आधार घेतल्याशिवाय त्या विषयावर परदेशातही कुणी पान लिहीत नसे.

साहेबांनी यादी उलटसुलट करून पाहिली. "सोवनीबाई, अख्ख्या नोकरीत एवढंच? यात काही दम नाही!"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. यमुनाबाईंनी मात्र पाण्याचा पेला साहेबांपुढे सरकवला.

"सर, दम हाच तर माझा विषय. धापा टाकणारा माणूस भराभर श्वास घेतो, पण बरीचशी हवा वरच्या वरच परत जाते. सावकाश घेतलेला एकच श्वास मात्र थेट फुप्फुसाच्या तळाला पोचतो. म्हणून नुसता आकडा फुगलेला दिसला, की आम्ही म्हणत नाही, याच्यात दम आहे. आम्ही म्हणतो, याला दम लागलाय!"

समिती खो खो हसली. साहेब उत्तर द्यायला उसळले, तसं शेजारच्या एका सदस्याने पेन त्यांच्या हातात दिलं.

"साहेब, जरा दम खा. आधी बाईंच्या नेमणुकीवर सही करा."