शंभर टक्के निकालाची शाळा

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यात मुख्याध्यापकांची सभा भरते आणि ज्याचा निकाल कमी, त्याची सगळ्यांसमोर सालटी काढतात. यंदा पाळी माळखेडीच्या ढेंगळेबाईंची होती.

"वडनेरीचं हायस्कूल शंभर टक्के आणि तुमचं निम्मं!" सभापती निंबोरे माईकवरून गरजले. "दोन्ही शाळा सरकारीच ना? लाज कशी वाटत नाही? खैरमोडे सरांकडून शिका जरा!"

वडनेरीचे खैरमोडे सर शेजारीच गळ्यात हार घालून बसले होते. त्यांची रीत सगळ्यांना ठाऊक होती. नववीत पोरगं कच्चं दिसलं की ते त्याच्या हातात दाखला ठेवत. माळखेडीच्या बाई त्याला पदराखाली घेत आणि मग निकाल घसरायचा तो बाईंचा.

बाई उठल्या.

"शिकले, साहेब. उद्याच आमच्या नववीतल्या कच्च्या पोरांना दाखले देते. म्हणजे आमचीही शाळा शंभर टक्के! फक्त ही पोरं आता कोणत्या शाळेत पाठवू, तेवढं सांगा."

सभापतींच्या तोंडचं पाणी पळालं. शंभर टक्क्यांपायी खैरमोड्यांनी खुद्द सभापतींच्या नातवालाही सोडलं नव्हतं. तो आता बाईंच्याच नववीत होता. बाईंनी त्याचं नावसुद्धा घेतलं नाही.

माईक बाजूला सारून सभापती पुटपुटले, "कुठंही पाठवू नका, बाई. तुमच्याकडेच राहू द्या."

"लाज माईकवरून काढलीत ना?" बाई म्हणाल्या. "मग हेही माईकवरच बोला."